दोन टबांचं मशीन

१२ फेब्रुवारी

चि. फोरमन,

मायन्यातच पहिला कागद वाया गेला. 'चि. सौ.' लिहिलं आणि पेन थांबलं. कोर्टाचा निकाल अजून व्हायचाय, तेव्हा 'सौ.' लिहावं की नाही हे वकिलाला विचारावं लागेल, आणि तो एवढ्यासाठी काही माझा फोन घ्यायचा नाही. शेवटी नुसतं 'चि.' ठेवलं, ते काढून घेण्याचा अधिकार कुठल्याच कोर्टाला नाही. पुढे तुझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं नाव घातलं. या घरात तुला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली मला तरी आठवत नाही.

फोन मुद्दामच केला नाही. तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं.

आधी एक सांगून टाकते. तू परत ये म्हणून हे पत्र नाही. मला फक्त मागच्या गॅलरीतल्या मशीनबद्दल विचारायचंय.

झालंय असं की स्वयंपाकघरातलं ऑटोमॅटिक बंद पडलं. तू ज्या मेकॅनिकचं नाव 'उद्या' ठेवलं होतंस तोच आला, पाठ उघडली, आत बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हणाला, "काकू, कार्ड जळलंय. हे कार्ड कंपनी आता बनवत नाही. उद्या बघतो कुठे मिळतंय का." तो उद्या अजून उजाडायचाय. आमचे चिरंजीव म्हणाले, "नवीन घेऊन टाकू," आणि ऑफिसला गेले. पण नवीन आणलं तरी ते तासदीड तास दार लावून बसणार आणि दर खेपेला नवं पाणी मागणार. नळाला हल्ली सकाळचं थोडा वेळच पाणी असतं. मला पटकन धुऊन पटकन पिळून देणारं काहीतरी हवंय.

तेव्हा ते जुनं आठवलं, यांनी नव्या संसारात हौसेने आणलेलं, डाव्या टबात धुवायचं, मग कपडे हाताने उचलून उजव्यात पिळायला टाकायचे. तू शेवटच्या वर्षी ते सगळं सुटं केलं होतंस. "आई, मोटर ठणठणीत आहे, फक्त रबर गेलंय," असं म्हणाली होतीस. मोटर पोत्यात गुंडाळून ठेवलीस, स्क्रू आणि बारीकसारीक सहा वाट्यांत काढलंस, आणि पुढच्या आठवड्यात तू गेलीस. मशीन तसंच राहिलं.

तर कुठल्या वाटीतलं काय कुठे बसतं, आणि सुरुवात कुठून करायची, एवढं लिहून कळव. सामान सगळं आहे. अगदी स्वच्छ ठेवलंय.

बाकी ठीक. हे बरे आहेत. कपडे हल्ली जरा जास्त निघतात, इतकंच. माझ्या गुडघ्यांचं तुला माहीतच आहे.

आशीर्वाद देते. घेशील ना?

आई


२७ फेब्रुवारी

चि. फोरमन,

तुझं पोस्टकार्ड आलं. चार ओळी, पण अक्षर तेच. पाकिटं उघडायच्या चाकूची गरज नसूनही मी तो घेऊन बसले होते.

"वाट्या खिडकीकडून दाराकडे ओळीने लावल्या होत्या. दाराकडच्या वाटीपासून उलट बसवत या, काही चुकणार नाही." हे वाचलं आणि मी कपाळाला हात लावला.

अगं, वाट्या नाहीत. म्हणजे वाट्या आहेत, घासून फडताळात ठेवल्यात, कालच त्यात चटणी वाढली. तू गेल्यावर महिनाभराने मी गॅलरी आवरायला काढली. इतकी वर्षं दवाखान्याच्या भांडारात काढली मी. माझ्या हाताखाली एक सुई चुकीच्या फळीवर गेली नाही. सहा वाट्यांत एकाच मापाचे स्क्रू सगळीकडे विखुरलेले दिसले, तेव्हा मला वाटलं, पोरीला बाकी सगळं येतं, पण सामान लावता येत नाही. मग मी ते सगळे रॉकेलमध्ये धुतले, उन्हात सुकवले आणि मापाप्रमाणे चार बरण्यांत भरले. तिन्हींवर चिठ्ठ्या आहेत, 'लांब', 'मध्यम', 'आखूड'. चौथीवर 'काय माहीत' असं लिहिलंय, त्यात स्प्रिंगा आणि वॉशर आहेत. तुझी सगळी मांडणी मीच मोडली आणि वर स्वतःचं कौतुकही करून घेतलं. तुला हसू येत असेल तर हस, मी बघत नाहीये.

तरी कामाला लागले आहे. सकाळचं आवरलं की पाटावर बसते. मशीन आडवं करून तळ उघडला. उंदरांनी तिथे बिऱ्हाड केलं होतं, ते गेले आणि कापसाचं घर मागे ठेवून गेले. बेल्ट हातात घेताच तुटला. पिळायच्या टबाखालचं रबर वाळून भेगाळलंय. तळाचा पत्रा गंजलाय, तो काथ्याने घासतेय. घासताना खालचा निळा रंग दिसला, आणि मशीन दुकानातून आणताना हे हातगाडीच्या मागे पळत होते ते आठवलं.

विचारायचंय ते असं. पिळायच्या मोटरखाली तीन स्प्रिंगांच्या जागा दिसतात. 'काय माहीत'मध्ये एकसारख्या दोनच आहेत. तिसरी थोडी उंच आहे. चालेल का?

तू विचारलंस, रोज इतकं काय धुता. चादरी. घर म्हटलं की चादरी आल्याच.

कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस की मोटर वाइंडिंगच्या कारखान्यात तुला स्वतंत्र टेबल मिळालं. एवढी मोठी गोष्ट कोपऱ्यात लिहायची असते का? यांना वाचून दाखवलं. "हो," म्हणाले.

आई


१६ मार्च

चि. फोरमन,

पार्सल पोचलं. बेल्ट, रबर, ब्रेकची तार, तीन स्प्रिंगा आणि तुझं चित्र. ते मी गॅलरीच्या भिंतीला चिकटवलंय. त्यावर लाल पेनाने लिहिलंयस, 'आधी ब्रेक. झाकण उघडल्यावर टब थांबत नसेल तर पिळायचं बटण फिरवायचं नाही, आई.' आणि त्याच्या खाली काळ्या पेनाने, 'बाबांना काय झालंय?'

पकडलंसच. कधीपासून कळलं होतं? चादरींवरून की त्या 'हो'वरून?

ऑक्टोबरात झालं. सकाळी दाढी करताना हातातून ब्रश पडला आणि मग तेही. उजवी बाजू गेली. वाचा गेली म्हणतात डॉक्टर, पण सगळी नाही, एक 'हो' शिल्लक आहे. ज्या माणसाने लग्नापासून माझ्या एकाही बोलण्याला सरळ हो म्हटलं नाही, त्याच्याकडे आता तेवढंच राहिलंय. पाणी हवं तरी हो, नको तरी हो. रागावले तरी हो, तो जरा मोठ्याने. मी आता ओळखायला शिकलेय. कधी कधी वाटतं, देवाने माझी थट्टा चालवलीय. मग त्यांचे डोळे दिसतात आणि माझीच मला लाज वाटते.

चादरी त्यांच्या. दिवसातून तीनदा, एखाद्या दिवशी त्याहून जास्त. मी उठवायला जाते तोवर होऊन गेलेलं असतं, आणि ते भिंतीकडे तोंड करतात.

आता लपवायचं सोडलंच आहे तर पुढचंही लिहिते. पहिलं पत्र मी आपणहून लिहिलं नाही. आमचे चिरंजीव म्हणाले होते, "तू लिही, आई. माझं पत्र ती वाचणारसुद्धा नाही. मशीनचं काहीतरी विचार, बाबांचं हळूहळू कळू दे. ती येईल." मी त्याला ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसले. 'परत ये म्हणून हे पत्र नाही' असं लिहिलं ना मी, ते लिहिताना तू यावीस असंच मनात होतं. मशीनही खरंच हवं होतं. दोन्ही खरं आहे, त्यातलं सोपं तेवढं मागितलं.

तो वाईट मुलगा नाही, हे मी तुला सांगायची गरज नाही, आणि तुझ्यापुढे त्याची वकिली करायचा मला हक्कही नाही. ऑफिसला जायच्या आधी बापाला उचलून खुर्चीत बसवतो. औषधं आणतो. पण चादर म्हटलं की बाहेर जातो. "मला तो वास सहन होत नाही गं, आई." जसं काही मला तो मोगऱ्याचा येतो.

मी थकलेय. हे कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारणी विचारतात तेव्हा मी 'चाललंय' म्हणते. पण सकाळी पाय जमिनीला लागले की मला पहिलं हेच वाटतं, की आजचा दिवस कुणीतरी दुसऱ्याने करावा. यांच्यावर माया आहे, तरी वाटतं.

आता मशीनचं. रबर बसवताना पुढची नखं गेली. ब्रेक तू सांगितलंस तसा आधी लावला, झाकण उघडलं की पट्टी टबाला घट्ट धरते. 'उद्या' चक्क सांगितल्या दिवशी आला आणि मोटरच्या वायरी जोडून दिल्या. डावा टब पहिल्याच खेपेला फिरला. उजवा मात्र सुरू झाल्या झाल्या दाणदाण आपटायला लागला, आणि अख्खं मशीन गॅलरीतून दाराकडे चालत निघालं. मी पाटावरून उठेपर्यंत वायर ताणली जाऊन प्लग निघाला आणि ते आपोआप गप्प झालं, म्हणून दार वाचलं. अधीरपणे मी पार्सल यायच्या आदल्या दिवशी ती उंच स्प्रिंग लावून बघितली होती, आणि नंतर ती काढायलाच विसरले. कुणाला सांगू नकोस. आता तुझ्या तिन्ही लावल्यात.

आई


३० मार्च

चि. फोरमन,

चाललं. पिळायचा टब एका लयीत फिरला, ब्रेक लागला, नळीतून पाणी गेलं. आधी अभ्रे, मग चादरी, मग फडकी, सगळं त्याच एका साबणाच्या पाण्यात. दुपारपर्यंत दोरीवर सगळं वाळलं होतं, आणि मी नुसती खुर्ची टाकून बघत बसले.

तुझं पत्र त्याच दिवशी आलं. आठवड्याची रजा काढलीस, तिकीट काढलंस. १३ एप्रिलला सकाळी पोचतेस. मला काही सुचत नाहीये. ये.

तुझ्या खोलीतलं कपाट रिकामं करून ठेवते.

आई


६ एप्रिल, रविवार

चि. फोरमन,

येऊ नकोस. तिकीट परत कर.

मागच्या रविवारी 'ये' लिहिणारी मीच, आणि हे लिहिणारीही मीच, म्हणून म्हातारीला चळ लागलाय असं समजू नकोस. काय झालं ते सांगते.

मंगळवारी तुझं कपाट काढलं. वरचा खण रिकामा करून कागद घातला. मग दुसरा खण. मग तिसरा. हँगर पुसले. आठवडाभरासाठी माणूस येतं तेव्हा त्याला एक खण पुरतो, हे मला भांडार सांभाळणाऱ्या बाईला कळू नये? तरी मी चौथ्याला हात घातलाच. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत आमचे चिरंजीव कुणाशी तरी फोनवर बोलताना ऐकू आले. "येतेय ती तेराला. आठवडा म्हणतेय, पण बाबांना बघितल्यावर जायची नाही. तिचा स्वभाव माहीत आहे मला. मग आईलाही सोपं होईल." आवाजात काही कावा नव्हता. अगदी हलकं वाटत होतं त्याला, ओझं उतरल्यासारखं.

मला संताप यायला हवा होता. पण मी हातात हँगर घेऊन तिथेच बसले, कारण तो जे तोंडाने बोलत होता तेच मी कपाटात करत होते. मी सुनेसाठी जागा करत नव्हते, गं. या घरात दोन हात कमी आहेत, त्या हातांसाठी करत होते.

आणि तू राहिली असतीस. ते मलाही माहीत आहे. यांनी तुला बघून हो म्हटलं असतं, तू पदर खोचला असतास, आठवड्याचा महिना झाला असता. तुझ्या मालकाने बिनपगारी रजा दिली असं लिहिलंस, पण टेबलाबद्दल तो काय म्हणाला ते लिहिलं नाहीस. मीही नोकरी केलीय. काय म्हणाला असेल ते मला कळतं. तुला त्या टेबलावर बसायला किती वर्षं लागली, आणि इथे परत या गॅलरीत उभी राहायला एक चादर पुरली असती.

तुला यांना भेटावंसं वाटतंय हे खरं आहे. भेटशील. तुझं बस्तान नीट बसू दे, कोर्टाचं काय ते होऊ दे, मग पाहुणी म्हणून ये, आणि मी सांगेन त्या दिवशी परत जा. आत्ता नाही.

त्याच संध्याकाळी त्याला मागे गॅलरीत बोलावलं. "मी तिला येऊ नको म्हणून कळवतेय," म्हटलं.

तो बघतच राहिला. "मग हे कोण करणार?"

"सकाळी एक बाई येईल, मदतीला. पलीकडच्या दवाखान्यात विचारून आलेय. बाकीचं तू आणि मी."

"मला ऑफिस असतं, आई."

"ऑफिसच्या आधी. आणि रविवारी पूर्ण तुझं."

"मला तो वास—"

"मलाही येतो," म्हटलं. "नाक मलाही आहे."

तो मग कठड्याला टेकून उभा राहिला आणि, काय सांगू, रडला. लहानपणी सायकल चोरीला गेली होती तेव्हा रडला होता तसा, आवाज न करता. म्हणाला, "त्यांना असं बघवत नाही मला. चादरीचं नाही गं ते." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बरंही वाटलं आणि वाईटही. पण चादर त्याच्याच हातात दिली.

शिकायला मठ्ठ आहे तुझा... आहे तो. पहिल्या दिवशी बटण फिरवलं आणि आत जायला निघाला. "अरे, हे ऑटोमॅटिक नाही," म्हटलं, "याला सोडून जाता येत नाही." धुऊन झालं की ओलं जड कापड आपण उचलायचं, दुसऱ्या टबात सारखं पसरून दाबायचं, वर ती जाळीची चकती ठेवायची, पाण्याची नळी खाली सोडायची. दोन टबांमध्ये माणूस लागतोच. तो म्हणाला, "मग नक्की काय करू मी इतका वेळ?" म्हटलं, "उभा राहा."

कालपासून उभा राहायला लागलाय. वास आला की तोंड फिरवतो, मग परत वळतो. काल धुतलेली चादर यांच्या अंगाखाली त्यानेच घातली, सुरकुत्या तशाच ठेवून. यांनी त्याचं मनगट डाव्या हाताने धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

हे लिहितेय ते मी पलंगावर आडवी पडून. दुपार आहे, हे झोपलेत. गॅलरीत तो एकटा आहे. आत्ता पिळायचा टब सुरू झाला आणि दणके द्यायला लागला, म्हणजे याने चादर एका बाजूला कोंबलीय. इथून ऐकूनच कळतं मला. माझे पाय आपोआप पलंगावरून खाली आले होते, ते परत वर घेतले.

"आई, हे आपटतंय," तिकडून ओरडला.

मी हे लिहीत राहिले.

थोड्या वेळाने दारात आला. हात कोपरापर्यंत साबणाने माखलेले. "काय लिहितेस? तिला?" 

"हो."

"मग विचार ना तिला, का आपटतंय ते."

"नाही विचारत," म्हटलं. "झाकण उघड, चादर बाहेर काढ, आणि पुन्हा नीट लाव."

गेला. टब थांबलाय. ओलं कापड ओढल्याचा आवाज येतोय. किती वेळ लागेल कोण जाणे, पण मी उठणार नाही.

लिहिशील तेव्हा तुझ्या टेबलाबद्दल लिही. ते खिडकीजवळ आहे का, शेजारी कोण बसतं, तू काय काय दुरुस्त करतेस, सगळं लिही. आमच्या मशीनबद्दल मात्र एक अक्षरही लिहू नकोस.

आई